‘अनावश्यक’ ओळ कोणी ठरवायची?

भाषाविचार सुरू झाला की साहित्याच्या वर्गांत एक विधान हमखास ऐकू येते: साहित्याची भाषा अनेकार्थी, संगणकाची एकार्थी, तेथे लिहिले तेवढेच यंत्र करते, सबब अर्थनिर्णयनाचा प्रश्नच उद्भवत नाही. हे विधान करणाऱ्यांपैकी कितीजणांनी सी भाषेतली एखादी ओळ तरी वाचली असेल याची मला शंका आहे. ते विधान चूक आहे, आणि लिनक्स कर्नलच्या कूटलेखनविषयक भागात २०१४ साली करावी लागलेली एक दुरुस्ती त्याचा धडधडीत पुरावा आहे.

प्रकरण असे. गुप्त मजकुरावर गणिती प्रक्रिया करताना मधल्या पायऱ्यांचे आकडे मेमरीत तात्पुरते मांडले जातात. काम संपले तरी ते तेथेच पडून राहतात, आणि दुसऱ्या एखाद्या दोषामुळे मेमरी उघडी पडली तर वाचणाऱ्याच्या हाती लागतात. म्हणून प्रोग्रामर शेवटी ‘मेमसेट’ वापरून ती जागा शून्यांनी भरण्याची ओळ लिहीत. ओळ अचूक होती, योग्य जागी होती. परंतु मूळ मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती वाचून असा विचार करतो: या जागेतले यानंतर कोणीच वाचत नाही, मग तेथे शून्य असले काय, नसले काय, फलितात फरक नाही, तेव्हा ही ओळ गाळावी. कर्नलच्या यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या भागात जीसीसी या कंपायलरने नेमके हेच केल्याचे आढळले. संहितेत पुसल्याचा उल्लेख, प्रत्यक्षात मजकूर जागच्या जागी!

येथे कोणी म्हणेल, हा तर यंत्राचा प्रमाद. मुळीच नाही. सी भाषेच्या प्रमाणानुसार कार्यक्रमाचे बाहेरून ‘निरीक्षणीय’ असलेले वर्तन तेवढे जपणे कंपायलरवर बंधनकारक आहे. मेमरीत मागे काय उरते, हे त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे अर्थ कशाला म्हणायचे याचा निर्णय आधीच, माणसांच्या एका समितीने घेतलेला आहे, आणि लेखकाचा हेतू त्यातून बाहेर ठेवलेला आहे. लेखकहेतू विचारात घ्यावा की नाही यावर आपण समीक्षक वर्षानुवर्षे भांडतो. तिकडे तो कायद्यानेच नामंजूर आहे.

दुरुस्ती तर याहून उद्‌बोधक. ‘मेमझीरो-एक्सप्लिसिट’ नावाचे एक नवे फंक्शन लिहिले गेले, आणि शा-१, शा-२५६ आदी पद्धतींच्या संहितेत जुन्या ओळींच्या जागी ते आले. पुसण्याचे काम आतून तोच ‘मेमसेट’ करतो. त्यापुढे फक्त एक अडसर घातलेला आहे. २०१५ मध्ये तो अडसरही बदलावा लागला, कारण क्लँग या दुसऱ्या कंपायलरपुढे तो पुरेसा ठरेना. अखेर जो टिकला तो यंत्रभाषेतला एक रिकामा आदेश होता. तो काहीच करत नाही. त्या जागेचा पत्ता हाती धरून, येथे कोणीतरी वाचत असू शकेल, एवढीच शंका कंपायलरच्या मनात उत्पन्न करतो.

‘कंपायलर म्हणजे काही वाचक नव्हे’ हा आक्षेपही ठाऊक आहे. ठीक. मग माणसाचे उदाहरण घ्या. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या संहितेतल्या दोन ओळी एका संपादकाने वगळल्या, कारण तपासणीच्या साधनाने मेमरीच्या वापराबद्दल तक्रार केली होती. त्यातल्या एका ओळीत यादृच्छिकतेचा सारा साठा मिसळला जात होता. ती गेल्यावर प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत असंख्य किल्ल्या त्यातून तयार झाल्या. प्रक्षिप्त समजून मूळ पाठ कापणारे संपादक पाठचिकित्सेला नवे नाहीत. फरक इतकाच, की आपल्याकडे त्याची किंमत कोणाला मोजावी लागत नाही. (त्यामुळेच आपण इतके निर्धास्त कापतो, असेही म्हणता येईल.)

‘एक शब्दही काढता येणार नाही’ ही कसोटी लावणाऱ्या समीक्षकांनाही म्हणून विचारावेसे वाटते: काढल्याने फरक पडत नाही, तो कोणाला? कंपायलरची कसोटी हीच तर आहे.

सी भाषेचे पहिले प्रमाण १९८९ सालचे. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या आवृत्तीत ‘मेमसेट-एक्सप्लिसिट’ हे नाव दाखल झाले: पुसा, आणि खरोखरच पुसा. साध्या ‘मेमसेट’चा अर्थ मात्र होता तोच ठेवण्यात आला.