गाडीचे भाडे कोणी भरले?

‘कोच’ हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो रेल्वेच्या डब्यावर. कोचिंग नंतर आले, तेही दुसऱ्यांच्या पोरांचे. आमच्या घरात क्लास लावणे म्हणजे महिन्याच्या किराण्याला कात्री.

हे दोन्ही कोच मुळात एकच, हे फार उशिरा कळले. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या घोडागाड्या नावाजल्या गेल्या आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. जर्मन, फ्रेंच असा प्रवास करत सोळाव्या शतकात ते इंग्रजीत पोचले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी खासगी शिकवणी घेणाऱ्याला थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. पैसे घेऊन परीक्षेपार नेऊन सोडणारी गाडीच ती! खेळातला कोच त्याच्याही नंतरचा.

म्हणजे खात्यापित्या घरच्या त्या पोरांनी निदान कबूल तरी केले होते, की आपण चालत आलो नाही, गाडीतून आलो.

हा प्रांजळपणा पुढे टिकला नाही. १८५५ पासून हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीच्या जागा खुल्या स्पर्धेने भरू लागल्या. परीक्षा लंडनला. ती हिंदुस्थानातही व्हायला १९२२ उजाडले. बोटीचे भाडे, लंडनचा मुक्काम, तयारी करून घेणाऱ्याची फी, एवढे ज्याच्या गाठीला त्याच्यासाठी ती खुली. निकालाचे नाव मात्र गुणवत्ता.

सरकारी मोफत कोचिंगच्या यादीत माझे नाव लागले तेव्हा मी ते वर्गमित्रांपासून लपवले. ‘फुकटे’ ऐकायची तयारी नव्हती. वसतिगृहातली आणखी काही पोरेही गप्प राहिली. आज त्या गप्प बसण्याचा राग येतो. बापाने भाडे भरलेली गाडी ही मेहनत, आणि तीच गाडी सरकारने दिली की खैरात, हा हिशेब आम्ही निमूट मान्य केला होता. अभ्यास तर दोघेही करतात. रात्री दोघेही जागतात.

यंदा माझी पुतणी त्याच यादीत आहे. तिने वस्तीभर पेढे वाटले, कारणही सांगितले. वर्ग सुरू होऊन तीन महिने झालेत. विद्यावेतन अजून जमा झालेले नाही; तिचा तिसरा अर्ज मीच लिहून दिला.