शिसे मोजताना बाटली कुठे, केव्हा भरली?

पिण्याच्या पाण्यातील शिशाबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा नियम जाहीर केला. शिशाच्या जलवाहिन्या साधारण दहा वर्षांत बदलण्याचा आदेश त्यात आहेच. पण आणखी एक बदल तितकाच मोलाचा आहे. घराला शिशाची वाहिनी असेल, तर नळाच्या पहिल्या लिटरबरोबर पाचवा लिटरही तपासायचा.

असे का? रात्रभर पाणी साचून राहते, तेव्हा पहिल्या लिटरमध्ये घरातल्या नळाचे आणि जोडांचे शिसे उतरते. रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाहिनीतले पाणी त्यानंतर येते. फक्त पहिली बाटली पाहिली, तर खरा दोषी सुटू शकतो.

फ्लिंट शहराने हा धडा महागात घेतला. २०१४ मध्ये तिथे नदीचे पाणी सुरू झाले, पण गंज रोखणारे रसायन त्यात घातलेच नाही. जुन्या वाहिन्यांतले शिसे पाण्यात आले. त्यातच, नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवण्याची सूचना रहिवाशांना होती. त्यामुळे साचलेले शिसे आधीच वाहून जाते. अशा सूचना देऊ नका, असे पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये बजावले.

आपल्याकडच्या मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये जेमतेम एक दशांश ग्रॅम. इतके सूक्ष्म प्रमाण ‘आयसीपी-एमएस’सारखी प्रयोगशाळेतली यंत्रे मोजू शकतात. घरोघरी दाखवला जाणारा टीडीएस मीटर ते सांगू शकत नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज देतो. टीडीएस कमी म्हणून पाणी शिसेमुक्त, हा समज चुकीचा आहे.

लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे बाधते आणि त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. पीव्हीसी पाइपमध्ये वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांवर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, पण भिंतीतले जुने पाइप आणि पितळी नळ जागेवरच आहेत. जलशुद्धीकरण केंद्रातला नमुना कितीही निर्मळ निघाला, तरी त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून पाण्याचा अहवाल हाती आला, की आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: बाटली कोणत्या नळाला लावली होती आणि त्याआधी पाणी किती तास साचले होते?