वर्गणी वकिलाची, शिक्षा पक्षकाराला

तालुक्याच्या न्यायालयात जमिनीच्या दाव्याची तारीख आहे. पक्षकार पहाटेची एस.टी. पकडून आला आहे. आणि ज्याच्या हाती त्याने वकीलपत्र दिले, त्या वकिलाचा वकिली करण्याचा अधिकारच थकलेल्या वर्गणीपायी निलंबित झालेला आहे! आपल्या नियमांप्रमाणे हा प्रसंग अशक्य नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४० व्या नियमान्वये प्रत्येक वकिलाने दर तिसऱ्या वर्षी आपल्या राज्याच्या बार कौन्सिलकडे ६०० रुपये भरावयाचे असतात. वर्षाकाठी २०० रुपयांचा हा भार सर्वसाधारण वकिलास असह्य म्हणता येणार नाही. शिवाय हा पैसा गरजू व अपंग व्यवसायबंधूंच्या साह्यासाठी असल्यामुळे तो चुकविणे अशोभनीयही होय. ४३ व्या नियमाप्रमाणे थकबाकीदारास प्रथम कारणे दाखविण्याची नोटीस जाते, महिन्याची मुदत मिळते, आणि समाधानकारक कारण न दिल्यासच त्रिसदस्य समिती निलंबनाचा हुकूम काढू शकते. थकलेली रक्कम व ५० रुपये विलंबशुल्क भरताच तो हुकूम संपुष्टात येतो. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यातील ३५ व्या कलमाखाली गैरवर्तनाबद्दल होणारी शिक्षा निराळी. हे निलंबन केवळ वसुलीचे साधन आहे.

येथवर नियम निर्दोष दिसतो. परंतु साधनाचा घाव बसतो कोणावर? बापाने फी थकविली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करावे, त्यातलाच हा प्रकार. वकील उद्या ६५० रुपये भरून मोकळा होईल. पण हुकलेली जामिनाची सुनावणी वा एकतर्फी झालेला निकाल पक्षकाराला कोण भरून देणार? चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच!

वकिलांकडून नियमपालनाची अपेक्षा धरणाऱ्या बार कौन्सिलांनी स्वतःचेही घर पाहिले पाहिजे. सनदेसाठी कायद्याने ठरविलेली फी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये असता अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदा ठरविली. ज्यांनी कायद्याबाहेर घेतले, त्यांनी कायद्यातले मागताना अधिक विवेक दाखविणे प्राप्त आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नोटीस वकिलाच्या हाती पडल्याची खात्री केल्यावाचून हुकूम काढू नये. ज्याची खरोखर ऐपत नाही, त्या नवोदितास हप्ते द्यावेत. आणि हुकूम निघालाच, तर तो न्यायालयाच्या फलकावर लावून पक्षकारास दुसरा वकील देण्याइतकी तारीख मिळावी. जमलेल्या निधीचा हिशेबही दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

वर्गणी वसूल झालीच पाहिजे. मात्र तिची पावती पक्षकाराच्या नुकसानीने फाडली जाऊ नये.