स्कूटरला साइड व्हील लावल्यावर नोंदणी का अडते? चेसिस नंबर, पासिंग आणि दिव्यांगांची कोंडी

पायांत पुरेशी ताकद नसेल, तर साधी स्कूटर चालवणं सोपं असतं, थांबवणं अवघड. सिग्नलला पाय टेकवता येत नाही आणि तोल गेला की गाडी अंगावर येते. यावर उपाय म्हणून मागच्या बाजूला दोन जास्तीची चाकं बसवली जातात. गॅरेजमध्ये हे काम काही तासांत होतं. खरा प्रश्न सुरू होतो तो गाडी आरटीओत पासिंगला नेल्यावर. ही दुचाकी आहे, तीनचाकी आहे की आणखी काही? चेसिस नंबर कुठे आहे? किट कोणी बनवलं?

हा प्रश्न मोजक्या लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीशी संबंधित अपंगत्व होतं. महाराष्ट्रातली एकूण दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून जास्त होती.

पासिंगला नेमकं काय तपासतात?

प्रत्येक गाडीला १७ अक्षरं आणि अंकांचा एक ओळख क्रमांक असतो. आपण त्याला चेसिस नंबर म्हणतो. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारची, हे या क्रमांकावरून कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२२ नुसार हा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष गाडीवर ठोकलेला किंवा कोरलेला असावा लागतो.

मोटार वाहन निरीक्षक हा क्रमांक विक्री प्रमाणपत्राशी आणि ऑनलाइन नोंदीशी ताडून पाहतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा, ही पद्धतही जुनीच. चोरीची गाडी ओळखण्याचा तो पहिला मार्ग आहे.

अधिकृत डीलरकडून घेतलेली नवी गाडी आता पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने कलम ४४ मध्ये ही सवलत दिली. पण ही सवलत कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीसाठी आहे. तिच्यात बदल केला, की त्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे क्रमांक दिसत नाही. साइड व्हीलचा सांगाडा गाडीच्या चौकटीला बोल्ट किंवा वेल्डिंगने जोडतात. चेसिस नंबर नेमका त्याच भागात असेल, तर तो पट्टीखाली झाकला जातो, रंगाखाली बुजतो किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने खराब होतो. निरीक्षकाच्या नजरेत पुसट क्रमांक म्हणजे संशयास्पद क्रमांक. तो मालकाने परस्पर पुन्हा ठोकून घेतला, तर प्रकरण आणखी चिघळतं.

दुसरं, क्रमांक दिसतो, पण तो वेगळ्याच गाडीचं वर्णन करतो. कंपनीने त्या क्रमांकावर दुचाकी बनवली होती. समोर उभी असलेली गाडी जास्त रुंद आहे, जास्त जड आहे आणि तिला चाकंही जास्त आहेत.

तिसरं, चेसिसचा कागद असतो, किटचा नसतो. गॅरेजची पावती हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

कायद्यात तीनचाकी मोटारसायकल आहे का?

मोटार वाहन कायदा १९८८ मधली व्याख्या इथे महत्त्वाची आहे. त्यानुसार मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन. जास्तीचं चाक असलेली, काढता येणारी साइडकार जोडली तरी ते मोटारसायकलच राहतं. म्हणजे तिसरं चाक साइडकारचं असेल तर चालतं, पण मागच्या बाजूला कायमची चाकं जोडली तर गाडी या व्याख्येत सहज बसत नाही.

अमेरिकेच्या संघीय नियमांत मोटारसायकल म्हणजे जास्तीत जास्त तीन चाकांवर चालणारी, सीट किंवा खोगीर असलेली गाडी. त्यामुळे तिथे तीनचाकी 'ट्राइक' व्याख्येनेच मोटारसायकल ठरते.

भारतात दिव्यांगांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग होता, पण त्याची जुनी व्याख्याच अडचणीची होती. खास दिव्यांगांसाठी बनवलेलं वाहनच त्यात येत असे. नुसता बदल केलेलं वाहन व्याख्येने स्पष्टपणे वगळलं होतं. वापरात असलेल्या बहुतेक गाड्या मात्र बदल केलेल्याच होत्या.

२०१९ मध्ये काय बदललं?

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र' खटल्यात सांगितलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. कलम ५२ ची ही कडक मांडणी होती.

त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. 'अनुकूलित वाहन' ही नवी व्याख्या आली आणि तिच्यात खास बनवलेली व बदल केलेली, अशी दोन्ही वाहनं घेतली गेली. कलम ५२ मध्येही अपवाद आला. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेता येते. अट एवढीच, की बदल केंद्राने ठरवलेल्या अटींनुसार हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदणीच्या फॉर्म २० मध्येही दिव्यांग मालकीची स्वतंत्र नोंद आली.

थोडक्यात, कायद्याने दार उघडलं आहे. पण गाडी त्या दारातून आत जाते की नाही, हे अजूनही तपासणीच्या टेबलावर ठरतं.

निरीक्षकाची भीती खोटी आहे का?

नाही. दुचाकी वळणावर कलते आणि तोल सांभाळते. साइड व्हील लावलेली स्कूटर कलत नाही, त्यामुळे वेगात वळताना ती उलटण्याचा धोका असतो. चाकं ताठ बसवली असतील तर खड्ड्यावर दोन्ही बाजूंची चाकं टेकतात आणि मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. इंजिनाची ताकद आणि मागचा ब्रेक त्याच चाकावर असतो. कच्चं वेल्डिंग भर रस्त्यात तुटलं, तर जीव चालवणाऱ्याचाच जातो. म्हणून किटची तपासणी हवीच. पण किटची चूक असेल तर ती दुरुस्तीसाठी लेखी सांगता येते. 'या गाडीचं काय करायचं ते आम्हाला माहीत नाही' हे उत्तर मात्र मालकाला दुरुस्तही करता येत नाही.

नोंद न करता चालवली तर?

बिनपरवानगी बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी, हा मुद्दा विमा कंपनीच्या हाती मिळतो. लायसन्सवर 'अनुकूलित वाहन' आणि आरसीवर साधी दुचाकी असेल, तर नाक्यावरच्या पोलिसालाही कागद जुळत नाहीत. शिवाय १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला तपासणी पुन्हा होतेच.

गाडी नेण्यापूर्वी काय करावं?

- किट बसवण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो काढा. क्रमांक उघडा राहील असंच फिटिंग करून घ्या.
- किटला मान्यताप्राप्त संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे.
- कर्जावर गाडी असेल तर बदलाआधी वित्तसंस्थेची लेखी संमती घ्या.
- आधीच नोंदणी असलेल्या गाडीतला बदल १४ दिवसांत आरटीओला कळवा.
- अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४१ मध्ये, परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवास शक्य व्हावा म्हणून सरकारने योजना आखाव्यात, असं म्हटलं आहे. त्यात वाहनांतले बदल हा शब्दशः एक मुद्दा आहे. एका कायद्याने ज्याला प्रोत्साहन द्यायचं ठरवलं, ते दुसऱ्या कायद्याच्या खिडकीवर अडतं. कोणतं किट चालेल, ते कसं तपासायचं आणि चेसिस नंबर कुठे दिसला पाहिजे, याचं एक पानी उत्तर प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लागलं, तरी चालायला त्रास होणाऱ्या माणसाच्या पुष्कळ खेपा वाचतील.