पेढ्याची वाटी

डोहाळेजेवणात ओटी भरून झाली की गर्भवतीपुढे दोन झाकलेल्या वाट्या येतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिने एकीवर हात ठेवायचा. पेढा निघाला तर बायका टाळ्या पिटतात. बर्फी निघाली तर कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणते, ‘असू दे, पहिली बेटी धनाची पेटी.’ मुलाचे कौतुक आणि मुलीची समजूत. बाळ जन्माला यायला अजून दोन महिने असतात, पण घराचा कल त्या बाईला भरल्या बैठकीत कळून चुकलेला असतो.

बुलडाणा जिल्ह्यात याला निव्वळ खेळ म्हणून सोडून देता येत नाही. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या; राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. निसर्गावर सोडले तर हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्माला येतात. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना देशातल्या ज्या शंभर जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत बुलडाण्याचे नाव होते. जिजाऊंच्या जन्माचा सोहळा दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात करणाऱ्या जिल्ह्याला ही ओळख शोभत नाही. मुलगी झाली म्हणून लखुजी जाधवांनी हत्तीवरून साखर वाटली, असे आपणच सांगतो ना?

खाणाखुणांचा तर सुकाळ आहे. पोट पुढे टोकदार आले, उठताना उजवा पाय आधी टाकला, की शेजारीण सांगून मोकळी होते, ‘पाय, पोरगंच होईन!’ आंबट खावेसे वाटले तर एका घरी मुलगा, पलीकडच्या घरी मुलगी. या समजुती आजच्या नाहीत आणि आपल्या एकट्याच्याही नाहीत. उजवा डोळा मोठा दिसणे, उजव्या स्तनात आधी दूध येणे ही मुलाची लक्षणे म्हणून सुश्रुतसंहितेत दिली आहेत. ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही मुलाचा गर्भ उजवीकडे, मुलीचा डावीकडे. मुलगा असेल तर आईचा चेहरा तजेलदार, मुलगी असेल तर निस्तेज. जे चांगले मानले ते सगळे मुलाच्या वाट्याला. अंदाज बांधणाऱ्याचे निम्म्या वेळा खरे ठरतेच, कारण उत्तरे दोनच आहेत. चुकलेले अंदाज कुणी लक्षात ठेवत नाही.

१९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून लिंग कशाने ठरते हे दाखवले. माणसातही बापाच्या शुक्रजंतूतून एक्स गुणसूत्र आले की वाय, यावर मुलगी की मुलगा हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. आईच्या खाण्याचा, चालण्याचा, झोपण्याच्या कुशीचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही मुलगी झाली की बोल तिलाच. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून सगळे दोष बाईच्याच पदरात का, असा रोखठोक सवाल केला होता. तो आजही उत्तराविना पडून आहे.

‘एवढ्याशा हौसेने कुणाचे काय बिघडते?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बिघडते ते असे, की टोकदार पोटाने समाधान झाले नाही की माणूस यंत्राकडे वळतो. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी चोरटा धंदा चालतो, आणि त्यात निकाल तोंडाने सांगत नाहीत, खुणेने कळवतात. मिठाईची नावेही अशा खुणांसाठी वापरल्याचे वाचनात आले आहे. डोहाळेजेवणात आपण ज्या खुणा लाडाने शिकवतो, त्याच तिथे कामाला येतात.

हौस जरूर करावी. हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा, डोहाळ्यांची गाणी, सगळे राहू द्या. त्या दोन वाट्या तेवढ्या काढा.

आणि खुणा वाचायच्याच असतील तर नीट वाचा. गर्भवतीला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, तेव्हा पुष्कळदा तिच्या अंगात रक्त कमी असते. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढल्याची ती धोक्याची सूचना असू शकते. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जातो. अशा वेळी ‘मुलगी आहे, म्हणून रूप उतरलंय’ म्हणत घरी बसवून ठेवलेली बाई दवाखान्यात उशिरा पोहोचते. गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई रक्त किती, दाब किती, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हे विचारत दारोदार फिरतात. सासूने, जावेने, नवऱ्याने त्या बाईला रोज हेच विचारावे.