आधी विचारा, मग बंद करा



रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत माझा मावसभाऊ एका कारखान्यात हिशेब सांभाळतो. परवा त्याचा फोन आला. "दादा, तीन गाड्यांची वजनं गेली!"

त्याचा संगणक लिनक्सवर चालतो. दिवसभर उघडं राहून लिबरऑफिस मंद झालं की ते बंद करून पुन्हा सुरू करणारी छोटी शेल स्क्रिप्ट त्याला कुणीतरी दिली होती. धरमकाट्यावरची वजनं भरता भरता, सेव्ह करायच्या आधीच त्याने ती चालवली. लिबरऑफिस मधूनमधून स्वतःहून प्रत राखतं, पण ठरलेली मुदत साधारण 10 मिनिटांची असते. त्यानंतर भरलेलं गेलं. गाड्या रवाना झालेल्या. ड्रायव्हरांना फोन करून पावत्यांवरचे आकडे विचारावे लागले.

स्क्रिप्ट पाहिली, तर 'किल'पुढे 9 हा आकडा होता. हा 9 प्रोग्रामला काहीच विचारत नाही, जागच्या जागी संपवतो. फाइल सेव्ह करायला, कुलूप काढायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणूनच पुढच्या वेळी कधीकधी "ही फाइल वापरात आहे" असा निरोप दिसू शकतो. 15 हा आकडा मात्र "आवरून घ्या" अशी विनंती करतो. आकडा दिला नाही, तर 'किल' 15च पाठवतो.

भावाला लगेच पटलं. रोलिंग मिल बंद करताना आधी नवा माल घालणं थांबवतात, आत असलेली तापलेली सळई बाहेर पडू देतात, मग मिल थांबवतात. मधेच बंद केली तर सळई आत अडकते.

मग आम्ही स्क्रिप्ट अशी बदलली:

1. प्रोग्राम चालू आहे का, हे 'पीग्रेप'ने पाहायचं. नाव पूर्ण जुळलं पाहिजे आणि प्रोग्राम आपल्याच खात्यातला हवा. लिबरऑफिसचं आतलं नाव 'सॉफिस डॉट बिन' आहे. अर्धवट नाव दिलं तर भलताच प्रोग्राम बंद होऊ शकतो.

2. "सगळं सेव्ह केलंत का?" असं विचारायचं. 'नाही' म्हटलं तर तिथेच थांबायचं. प्रत्येक प्रोग्राम 15 मिळाल्यावर फाइल सेव्ह करेलच असं नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

3. 15 पाठवायचा आणि दर सेकंदाला पाहत 30 सेकंदांपर्यंत वाट पाहायची.

4. प्रोग्राम बंद झाला, तरच नवा सुरू करायचा.

5. बंद झाला नाही, तर 9 वापरायचा नाही. "खिडकी तपासा" असा निरोप दाखवून स्क्रिप्ट संपवायची. बहुतेक वेळा मागे एखादी चौकट आपल्या उत्तराची वाट पाहत असते.

9 कधीच वापरायचा नाही का? वापरायचा, पण प्रोग्राम खरंच गोठला असेल तेव्हा आणि स्वतःच्या हाताने. स्क्रिप्टवर तो निर्णय सोपवू नका.

आपल्या फोनवरचं 'फोर्स स्टॉप' बटणही याच जातीचं. अर्धवट लिहिलेला अर्ज किंवा निबंध उघडा असेल, तर आधी सेव्ह करा आणि मगच ते दाबा.

भावाने नवी स्क्रिप्ट आधी रिकाम्या फाइलवर करून पाहिली. तुम्हीही तसंच करा. भेटू पुढच्या वेळी!