आधी पंखा, मग पक्षी

चांगले फोटो काढायला शिकायचे तर कोणता क्लास लावावा, असा प्रश्न नवा डिजिटल कॅमेरा किंवा वडिलांचा फोन हाती आलेले विद्यार्थी हटकून विचारतात. पिंपळगाव बसवंतसारख्या ठिकाणचे विद्यार्थी त्याला आणखी एक पुस्ती जोडतात : पुण्या-मुंबईला असतो तर शिकता आले असते! हे मला पटत नाही. कॅमेरा हे प्रकाश मोजणारे उपकरण आहे. प्रयोगशाळेतला तराजू किंवा तापमापक आपण ज्या रीतीने वापरायला शिकतो, त्याच रीतीने तोही शिकावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काय घडते ते पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्यासाठी लागणारे साहित्य पिंपळगावात शहरापेक्षा कमी नाही. थोडे जास्तच आहे.

या रीतीचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. त्र्यंबकेश्वर येथे 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला जाऊन चित्रपटाचा कॅमेरा खरेदी करून परतले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसले आणि भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. 'अंकुराची वाढ' या नावाने तो लघुपट ओळखला जातो. जागा तीच, विषय तोच, बदलतो तो फक्त काळ. त्या कुंडीने फाळक्यांना कॅमेऱ्याची पुरती ओळख करून दिली असली पाहिजे, असे मला वाटते.

आता कॅमेऱ्याच्या आत डोकावू. फिल्मच्या जागी येथे सिलिकॉनची एक चकती असते आणि तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही घरे असतात. पावसात अंगणात बादल्या मांडून ठेवाव्यात, तशी ही घरे प्रकाश साठवतात. शटर जितका वेळ उघडे, तितका प्रकाश अधिक. बादली काठोकाठ भरली, की पुढचा पाऊस वाहून जातो. फोटोत आकाश नुसते पांढरे फटक दिसते ते याच कारणाने. तेथील ढग मागाहून कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाहीत. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अशी फक्त दहा हजार घरे होती आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा ऐकून कोणी हुरळून किंवा खट्टू होऊ नये.

पहिला प्रयोग छताच्या पंख्यावर करा. पंखा बंद असताना मोठ्यांच्या मदतीने एका पात्याच्या टोकाजवळ पांढऱ्या कागदाचा रुपयाएवढा ठिपका चिकटवा. कॅमेरा बरोबर पंख्याखाली, भिंग वर करून, जमिनीवर ठेवा. अनेक फोनांत 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' अशी सोय असते. तेथे शटरचा वेळ 1/50 सेकंद ठेवून फिरत्या पंख्याचा फोटो घ्या. ठिपक्याच्या जागी एक कमान उमटेल. पंखा मिनिटाला 300 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 5 फेरे, म्हणजे 1800 अंश होतात. 1/50 सेकंदात तो 36 अंश फिरेल. कोनमापकाने कमानीचा कोन मोजा आणि उलट गणित करून आपल्या पंख्याचा वेग काढा. ठिपक्याची स्वतःची रुंदी वजा करायला मात्र विसरू नका.

मग शटर 1/500 वर न्या. कमान अगदी आखूड होते, पण फोटो काळवंडतो, कारण प्रकाश दहावा हिस्साच आत आला. तो उजळवण्यासाठी आयएसओचा आकडा वाढवला, की फोटोवर रवाळ कण दिसू लागतात. वेग हवा तर उजेड जातो, उजेड वाढवावा तर स्वच्छता जाते; ही ओढाताण एकदा डोळ्यांनी पाहिली की पुस्तकातले कोष्टक पाठ करावे लागत नाही. पाती वाकडी का दिसतात, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. बहुतेक फोन चित्र एकदम न वाचता ओळीने वाचतात. तेवढ्या वेळात पाते पुढे सरकलेले असते. (भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी भिंगांच्या प्रकरणाबरोबर एक तास या पंख्याला द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.)

'फोन सगळे आपोआप करतो, मग ही उठाठेव कशाला?' याचे उत्तर द्राक्षबागेत मिळते. पानावर डाग दिसला की शेतकरी त्याचा फोटो सल्लागाराला पाठवतात. केवडा, ज्याला बागेत सारे डाऊनी म्हणतात, त्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. भुरीत राखेसारखी पूड दिसते. गंधक भुरीवर चालते. केवड्याला ते आवरत नाही, तेथे बोर्डो मिश्रणासारखे ताम्रयुक्त औषध लागते. आता फक्त वरच्या बाजूचा, हललेला, हिरव्या जाळीच्या सावलीत रंग बदललेला फोटो गेला, तर सल्ला देणाऱ्याने काय ओळखावे? फवारणी चुकली तर पैसा जातो आणि घडही जातो. शिवाय फोन आपल्या मर्जीने रंग भडक करतो, कडा धारदार करतो, रात्री अनेक चित्रे एकत्र करून एक बनवतो. वाढदिवसाच्या फोटोला ते शोभते. पुरावा म्हणून पाठवायच्या फोटोत असे काय काय बदलले आहे, हे काढणाऱ्याला ठाऊक हवे.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी बाग आहे, त्यांनी मालकाला विचारून एका पानाचे चार फोटो काढावेत. आधी पूर्ण वेल, मग पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि शेवटी डाग जवळून. पानाशेजारी मोजपट्टी व कोरा पांढरा कागद ठेवावा. पट्टीवरून डागाचा आकार कळतो. कागद फोटोत निळसर किंवा हिरवट दिसला, तर पानाचा रंगही तितकाच फसवा आहे, हे कळते. फार जवळ गेल्यास फोनला नीट दिसत नाही. वीतभर मागे सरावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे.

डिजिटल फोटोची एक मोठी सोय म्हणजे शटर, आयएसओ, तारीख, वेळ ही सर्व नोंद फाईलमध्ये आपोआप राहते. ती उघडून वाचण्याची सवय लावा. पण तीत काही वेळा जागेचे अक्षांश-रेखांशही असतात; फोटो अनोळखी माणसाकडे पाठवताना ते काढून टाकावेत.

निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे. रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ क्षेत्र. साहजिकच सर्वांना पहिल्याच आठवड्यात तेथील पक्षी टिपायचे असतात. उडत्या बदकालाही पंख्याचेच गणित लागू आहे, म्हणून पंखा आधी. आणि फोटोत उड्डाण यावे म्हणून दगड मारून थवा उठवणाऱ्याला, त्याचे चित्र कितीही सुरेख असो, मी प्रकाशचित्रकार म्हणणार नाही.

शिकवणारे माणूसही दूर नसते. लग्नांचे फोटो काढणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याने 36 चित्रांच्या रोलवर काम केलेले असते. एकेक चित्र मोजून काढण्याची सवय त्याच्याकडून घ्यावी. कार्यक्रमांचा हंगाम सोडून दुपारी जा आणि तुमचे बिघडलेले फोटो घेऊन जा, चांगले नव्हे.

शेवटी, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नवे घड दिसू लागले, की त्यांतला एक निवडा आणि त्याच्या काडीला रंगीत दोरा बांधा. फोनपासून घडापर्यंतचे अंतर सुतळीने मोजून ठरवा. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने, शेजारी पट्टी धरून एक फोटो घ्या. घड उतरेपर्यंत शंभराच्या आसपास फोटो होतील. पट्टीवरून मण्याचा व्यास काढून आलेख मांडा आणि सगळे फोटो भराभर उलटून पाहा. फवारणीच्या दिवशी मात्र बागेत जाऊ नये. त्या तारखेची जागा वहीत कोरी ठेवावी.